रेतीचं पोतं आणि प्राणहितेचा पूर

सिरोंचा तालुक्याचा नकाशा उघडला की पाण्याचा प्रश्न वेगळा सांगावा लागत नाही. पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती. गडचिरोली जिल्ह्याच्या या टोकाला तीन मोठ्या नद्यांनी तीन बाजूंनी वेढलं आहे. खुद्द सिरोंचा गाव तर प्राणहिता गोदावरीला मिळते त्या संगमाला लागूनच वसलेलं. प्राणहिता लांबीने लहान, सव्वाशे किलोमीटरही भरत नाही. पण तिच्यातून वाहतं ते वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा या तिघींचं पाणी. मुलताईकडचा पाऊस वर्धेतून येतो, सिवनीकडचा वैनगंगेतून, आणि शेवटी दोन्ही सिरोंच्याच्या घाटावरूनच खाली जातात. गोदावरीच्या सगळ्या उपनद्यांत प्राणहितेचं पाणलोट क्षेत्र सर्वांत मोठं आहे, एक लाख चौरस किलोमीटरहून अधिक.

जुलै २०२२ मध्ये या सगळ्याचा अर्थ काय होतो ते दिसलं. संगमाच्या खाली, पोचमपल्लीजवळ गोदावरीवर असलेल्या मेडीगड्डा बॅरेजमधून तेव्हा २८ लाख क्युसेकहून अधिक पाणी गेलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हिशेब केला तर दर सेकंदाला आठ कोटी लिटरच्या आसपास पाणी. पलीकडच्या काठावरचं कन्नेपल्लीचं अवाढव्य पंपगृह बुडालं. खाली भद्राचलमला गोदावरी ७१ फुटांच्या वर गेली. त्याहून जास्त पातळी तिथे फक्त ऑगस्ट १९८६ मध्ये नोंदली गेली होती, ७५.६ फूट. अलीकडच्या काठावर, सिरोंचा तालुक्यात, नदीकाठच्या गावांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं, धान आणि कापसाची शेतं पाण्याखाली गेली.

अशा पुरापुढे पंधरा-वीस किलो रेती भरलेलं पोतं टिकणार कसं, हा प्रश्न कुणालाही पडेल. तरी दर पावसाळ्यात प्रशासनाच्या तयारीच्या यादीत रेतीची पोती असतात, आणि असायलाच हवीत. मात्र त्यांच्याकडून नेमकं काय मागायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं. पोतं नदी थांबवत नाही. ते गुडघ्याच्या आतलं पाणी काही तास अडवतं, कमजोर जागेला आधार देतं आणि माणसांना हातपाय हलवायला वेळ मिळवून देतं. एवढंच काम नीट करून घेतलं तरी त्याची किंमत फार मोठी आहे, आणि याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे.

पानशेतचं धरण १९६१ च्या पावसाळ्यात पुरतं बांधून झालेलं नव्हतं, तरी त्यात पाणी भरत गेलं. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी बांधलेल्या मोरीला तडे गेले, तिच्यावरची माती बसू लागली आणि मातीच्या भिंतीचा माथा त्या ठिकाणी खचत चालला. पाणी माथ्यावरून वाहू लागलं की मातीचं धरण तासाभरातही कापलं जाऊ शकतं. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात, खचणाऱ्या भिंतीवर उभं राहून रेतीची पोती रचत होते. माथा खाली जाई, ते पोती वर चढवत. धरण वाचलं नाही. १२ जुलैच्या सकाळी ते फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. पण धरण फुटलं ते दिवस उजाडल्यावर. हेच पाणी झोपलेल्या शहरावर मध्यरात्री आलं असतं तर मृतांचा आकडा किती तरी पटींनी वाढला असता, असं तेव्हापासून आजवर म्हटलं जातं आणि ते पटण्यासारखंच आहे. त्या पोत्यांनी एक रात्र मिळवून दिली. रेतीच्या पोत्याचं काम यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही.

आता पोतं काम कसं करतं ते पाहू. सुटी रेती ढिगासारखी ओतली तर तिच्यावर वजन पडताच ती बाजूंना पसरते आणि वाहतं पाणी तिला सहज घेऊन जातं. तीच रेती पोत्यात कोंडली की वरून जितकं वजन पडेल तितकं कापड ताणलं जातं, आणि ताणलेलं कापड रेतीला चारही बाजूंनी आवळून धरतं. आवळलेले कण एकमेकांत अडकतात. म्हणून पोत्यांची रास स्वतःच्याच वजनाने घट्ट होत जाते. पण त्यासाठी पोत्याला आपला आकार बदलायला जागा हवी, आणि चूक होते ती नेमकी इथेच. घाईत पोतं गळ्यापर्यंत गच्च भरलं जातं, दाभणाने शिवलं जातं. असं टणक, गोल पोतं शेजारच्या पोत्याला फक्त एका रेषेवर टेकतं आणि मधल्या फटींतून पाणी धो धो येतं. अर्ध्यापर्यंत, फार तर दोन-तृतीयांश भरलेलं पोतं मात्र ठेवल्यावर पायाने तुडवलं की चपटं होतं, खालच्या खाचेत बसतं आणि शेजारच्याला चिकटतं.

भरलेलं पोतं एका माणसाला रात्रभर उचलता आलं पाहिजे, म्हणजे पंधरा ते अठरा किलो पुरे. आपल्याकडे पुरासाठी वेगळी छोटी पोती क्वचितच मिळतात. हाताशी असतं ते सिमेंटचं, खताचं नाहीतर धानाचं रिकामं बारदान. सिमेंटच्या पोत्यात साधारण पस्तीस लिटर माल मावतो. ते रेतीने पूर्ण भरलं तर पंचावन्न-साठ किलो होईल, अर्धं भरलं तरी अठ्ठावीसच्या घरात. युरियाचं पोतं त्याहून मोठं. ते काठोकाठ भरलं तर क्विंटलच्या जवळ जाईल. तेव्हा सिमेंटच्या पोत्यात एक चतुर्थांश ते एक तृतीयांशच आणि युरियाच्या पोत्यात त्याहूनही कमी रेती घालावी आणि उरलेलं तोंड दुमडून पोत्याखाली घ्यावं. कमी भरलं म्हणून काही बिघडत नाही, जास्त भरलं की बिघडतं. तागाची पोती ओली झाली की एकमेकांना चांगली धरून राहतात, मात्र काही आठवड्यांत कुजतात. प्लास्टिकचं विणीचं पोतं कुजत नाही, पण ते निसरडं असतं आणि महिनाभर उन्हात राहिलं तर त्याचे धागे ठिसूळ होऊन उचलताच फाटतं. गेल्या वर्षीची पोती अंगणात पडून आहेत, त्यावर भिस्त ठेवायची असेल तर ती एकदा उचलून पाहावीत.

भरायला रेतीच हवी का? रेती भरायला सोपी, ओली असली तरी फावड्याला चिकटत नाही आणि पोत्याचा आकार छान घेते. काळ्या मातीतून पाणी कमी झिरपतं, पण पावसात तिचे गोळे होतात, पोतं भरताना दमछाक होते आणि गोळ्यांमध्ये पोकळ्या राहतात. रेती नसेल तर रेताड माती चालते. मुरूम आणि गिट्टी नको. त्यातून पाणी जातं आणि टोकदार खडे पोतं फाडतात.

रचण्याचं कसब गडचिरोलीच्या गावांना नवीन नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. पावसाळा सरला की नाल्यावर सिमेंटची रिकामी पोती माती-रेतीने भरून वनराई बंधारा बांधतात, तो कृषी विभागाच्या आणि ग्रामपंचायतींच्या श्रमदानातून महाराष्ट्रभर रुजला आहे. विटांसारखे सांधे चुकवत पोती लावणं, तळाशी जास्त रांगा घेऊन वर निमुळतं होत जाणं, हे ज्यांनी बंधाऱ्यावर केलं आहे त्यांना पुरातली भिंत शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. फरक एवढाच की बंधारा ऑक्टोबरच्या शांत पाण्यात दिवसाउजेडी बांधतात आणि पुराची भिंत पावसात, अंधारात, पाणी चढत असताना.

रचताना तळापासून सुरुवात करायची. जमिनीवरचं गवत, पालापाचोळा, चिखलाचा थर खरवडून काढायचा, नाहीतर पाणी भिंतीखालून वाट काढतं. भिंत थोडी लांब आणि उंच असेल तर मधोमध एक पोतंभर खोल चर खणून त्यात पहिली पोती बसवावीत. म्हणजे भिंत सरकत नाही. पोत्याचं तोंड दुमडून खाली घ्यायचं, पाणी येतं त्या बाजूला करायचं आणि पुढचं पोतं त्यावर चढवायचं, म्हणजे पाण्याच्या दाबाने तोंड आणखी मिटतं. प्रत्येक थर पायाने किंवा धुम्मसाने ठोकायचा. भिंतीची रुंदी तळाशी उंचीच्या तिप्पट हवी. दोन फूट उंच भिंत म्हणजे तळाला सहा फूट. पाण्याच्या अंगाला ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक सैल सोडून टाकायचं, त्याची खालची कड जमिनीवर फूटभर पुढे पसरून वर पोती ठेवायची. प्लास्टिक ताणून बसवलं तर पाण्याच्या दाबाने ते फाटतं, म्हणून सैल.

हे एका घराभोवती करायचं म्हटलं तर काय लागेल? शंभर फूट लांबीची, फक्त एक फूट उंचीची भिंत सुमारे सहाशे पोती खाते. उंची दोन फूट केली की आकडा दुप्पट होऊन थांबत नाही, दोन हजारांच्या आसपास जातो, कारण उंचीबरोबर तळही रुंदावतो. दोन हजार पोती म्हणजे तीस टन रेती, सहा-सात ब्रास. दोन सराईत माणसं मिळून तासाला शंभरेक पोती भरून लावतात, तेही रेती आणि पोती शेजारी तयार असतील तर. एका कुटुंबाने एका रात्रीत हे होणार नाही. म्हणून घराभोवती कोट उभारण्याचा विचार सोडून द्यावा आणि पाणी कुठून शिरतं त्या जागा हेराव्यात. तीन फुटी दरवाजाला फूटभर उंचीसाठी वीस-पंचवीस पोती पुरतात. एवढं कुणालाही जमतं.

दारापेक्षा अनेकदा आधी पाणी आत येतं ते मोरीतून आणि संडासाच्या भांड्यातून. बाहेरची पातळी चढली की नळ्यांतलं पाणी उलटं फिरतं आणि दारात पोती लावून बसलेल्या घरात मागून घाण पाणी उसळतं. मोरीच्या तोंडावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पोतं आणि भांड्यावर दुसरं, ही दोन पोती दारातल्या वीसांइतकीच महत्त्वाची.

पोत्यांची भिंत पाझरणारच. ती कोरडी ठेवेल अशी अपेक्षा धरली की माणसं पाझर पाहून घाबरतात आणि चुकीच्या जागी पोती टाकत राहतात. आत येणारं पाणी बादलीने, मिळाला तर पंपाने काढत राहावं लागतं. पाहायचं ते पाझराचा रंग. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर भिंत तिचं काम करते आहे. पाणी गढूळ होऊ लागलं, त्याबरोबर माती बाहेर येऊ लागली, की समजावं आतून पोकळी खणली जाते आहे. गावाच्या बांधावर किंवा तलावाच्या पाळीवर हे फार काटेकोरपणे पाहावं लागतं. पाळीच्या कोरड्या अंगाला जमिनीतून पाण्याची उकळी फुटते, तिच्याभोवती रेतीचं छोटं वारूळ साठत जातं. तिथे पोती टाकून ते तोंड बुजवायचा मोह होतो. बुजवलं तर पाणी शेजारी नवीन तोंड शोधतं आणि आतली माती आणखी वाहून नेतं. अमेरिकेत मिसिसिपीच्या बांधांवर काम करणारे लोक अशा उकळीभोवती पोत्यांची गोल विहीर रचतात. आत पाणी काही फूट चढतं, त्याच्या वजनाने खालून येणाऱ्या पाण्याचा जोर कमी होतो, माती येणं थांबतं आणि स्वच्छ पाणी एका बाजूने शांतपणे वाहू दिलं जातं. पाणी थांबवायचं नाही, माती थांबवायची. मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्यांच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या, मुलखात ही एक गोष्ट प्रत्येक गावातल्या चार माणसांना ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

यापुढची गोष्ट जिवाशी संबंधित आहे. भिंतीवर येणारा पाण्याचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. भिंतीच्या बाहेर फूटभर पाणी असेल तर दर मीटर लांबीवर साधारण पंचेचाळीस किलोचा रेटा येतो. तेच पाणी तीन फूट झालं की रेटा नऊपट, चारशे किलोच्या वर. आत कोरडं आणि बाहेर तीन फूट पाणी अशी स्थिती सिमेंटच्या साध्या विटांच्या भिंतीलाही पेलत नाही. सिरोंचा, अहेरी, भामरागडकडची किती तरी घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूच्या छपरांची. मातीची भिंत भिजली की तिची ताकद आधीच निम्म्याहून खाली येते. अशा घराच्या भिंतीला टेकवून पोती रचली तर ती ओल धरून ठेवतात, पाण्याचा रेटा थेट भिंतीवर देतात आणि वरून स्वतःचं वजन घालतात. पोती भिंतीपासून दूर, मोकळ्या जागेत रचावीत. आणि पाणी गुडघ्याच्या वर जाणार असं दिसलं की पोत्यांचा नाद सोडावा, दार उघडं ठेवून पाणी आत येऊ द्यावं. आतबाहेर पातळी सारखी झाली तर भिंतीवरचा रेटा नाहीसा होतो. घर भिजेल, पण उभं राहण्याची शक्यता वाढते. अर्थात त्याच्या आधी माणसं आणि जनावरं उंचावर गेलेली असली पाहिजेत आणि विजेचं मुख्य बटण बंद झालेलं असलं पाहिजे.

सिरोंच्याचा पूर बहुतेक वेळा लोंढ्यासारखा येत नाही, तो चढतो. गोदावरी फुगली की प्राणहितेच्या पाण्याला पुढे जागा उरत नाही, प्राणहिता तुंबली की तिला मिळणारे नाले उलटे भरू लागतात. पाणी नदीच्या बाजूने न येता गावाच्या पाठीमागच्या नाल्यातून, शेतातून, रस्त्याखालच्या नळ्यांमधून वर येतं आणि पुढे दिवस-दिवस हटत नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावरचं भामरागड तर दर पावसाळ्यात असं पाण्याने वेढलं जाऊन तुटतं. अशा पुरात घरोघरी पोती वाटण्यापेक्षा गावाच्या सखल भागात पाणी आणणारी रस्त्याखालची नळी वेळेत बुजवली तर एका जागी लावलेल्या शे-दोनशे पोत्यांनी अख्खा मोहल्ला काही तास कोरडा राहू शकतो. फक्त पलीकडचं पावसाचं पाणी अडून उलट घरात शिरणार नाही ना, हे आधी पाहून ठेवावं लागतं. हे शहाणपण नकाशात सापडत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की १९८६ ला पाणी कुठून आलं, २०२२ ला कुठून आलं, तेव्हा ते मिळतं.

मेडीगड्ड्याचा उल्लेख वर आला, त्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या ८५ दरवाजांच्या बॅरेजमुळे पाणी मागे फुगतं, जमीन बुडते, काठ कापला जातो, ही सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांनी साखळी उपोषण केलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे खांब खचले. शेजारच्या राज्याच्या धरणाचं पाणी आपल्या शेतात उभं राहतं तेव्हा शेतकऱ्याने पोती रचून भागवावं असं सुचवणंही अन्यायाचं आहे. तो प्रश्न मोजणीने, मोबदल्याने आणि दोन सरकारांच्या बैठकीत सुटायचा आहे. पोत्यांची गोष्ट त्याच्या खालच्या पायरीवरची, आज रात्री घरात पाणी शिरतंय तर काय करायचं एवढीच.

त्या रात्री सर्वांत आधी काय वाचवायचं? माझ्या मते घरापेक्षा घरातला माल. धानाची पोती, बियाणं, सुकवलेली मिरची, खत, पंपाची मोटर. सिरोंच्याची मिरची नदीकाठच्या गाळात पिकते आणि तिची एक ओली खेप म्हणजे वर्षभराची मेहनत काळी पडणं. घराच्या उंच कोपऱ्यात रेतीच्या पोत्यांचा दोन थरांचा ओटा करून त्यावर फळ्या टाकल्या आणि माल वर चढवला तर तीच तीस-चाळीस पोती दारात लावण्यापेक्षा जास्त कामाला येतात. दारातली भिंत पाझरते, ओटा पाझरत नाही. पोत्यांचा हा उपयोग सरकारी पत्रकांत सहसा दिसत नाही, म्हणून इथे आवर्जून लिहिला.

या सगळ्याला वेळ लागतो आणि सुदैवाने प्राणहिता वेळ देते. भंडाऱ्याजवळच्या गोसेखुर्द धरणातून सोडलेलं पाणी ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली, आष्टी करत सिरोंच्याला पोचतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेल्या महापुराने आधी भंडारा आणि ब्रह्मपुरीची गावं बुडवली, खालच्यांना तो येताना दिसत होता. प्राणहितेवर टेकरा आणि इंद्रावतीवर पातागुडम इथे केंद्रीय जल आयोगाची पातळी मोजणारी केंद्रं आहेत, आणि आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ या मोबाइल अ‍ॅपवर पातळ्या आणि अंदाज कुणालाही पाहता येतात. जिथे मोबाइलला रेंज मिळत नाही तिथे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दवंडी देता येते.

या मिळालेल्या वेळेचं सोनं कसं करतात याचा एक नमुना दूरचा आहे, पण सांगण्यासारखा. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातलं फार्गो हे शहर सपाट मैदानात, रेड नदीच्या काठी आहे. बर्फ वितळलं की नदी हळूहळू चढते, आपल्या संगमासारखीच. मार्च २००९ मध्ये ती ४०.८४ फुटांपर्यंत गेली. त्याआधीच्या दिवसांत शहराने एका मोठ्या छपराखाली रेती भरण्याचं केंद्र उघडलं, कॉलेजची मुलं, नोकरदार, म्हातारेकोतारे पाळ्यांत येऊन राबले आणि तीस लाखांहून अधिक पोती भरून हातोहात नदीकाठी पोचवली. शहर मोठ्या प्रमाणात वाचलं. पण फार्गो तिथेच थांबलं नाही. पुढे शहराने काठावरची धोक्यातली घरं विकत घेऊन रिकामी केली आणि आता शहराला वळसा घालून पाणी नेणारा सुमारे ४८ किलोमीटरचा कालवा खोदला जातो आहे. पोत्यांनी जिंकलेल्या शहरानेच पोत्यांवर कायमची भिस्त ठेवली नाही, हे आपल्या नियोजनकारांनी लक्षात घ्यावं.

पूर ओसरल्यावर पोत्यांची एक वेगळी जबाबदारी येते. त्या पोत्यांतून संडासाचं, गोठ्याचं, मेलेल्या जनावरांचं पाणी गेलेलं असतं. ती पुन्हा वापरायला घरात रचून ठेवू नयेत, त्यातली रेती मुलांना खेळायला देऊ नये, घराच्या प्लास्टरला वापरू नये. फोडताना हातमोजे आणि बूट हवेत. ओलसर ढिगाखाली साप आणि विंचू आसरा घेतात, आणि पुराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. रेती रस्त्याच्या खड्ड्यात किंवा बांधाच्या भरावात टाकावी, प्लास्टिकची पोती वेगळी काढावीत. नदीत परत फेकली तर तीच पुढच्या वर्षी पुलाच्या गाळ्यात अडकतात.

शेवटचा मुद्दा तारखेचा. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते. म्हणजे ज्या दिवशी पोत्यांची गरज पडते त्या दिवशी घाटावरची रेती कायद्याने आणि पाण्याने, दोन्हींनी बंद असते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं नागपूर आणि धुळ्याला, राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ. सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासूनच दोनशेहून अधिक किलोमीटर लांब, आणि पूर आला की आलापल्लीकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग कुठे तरी नाल्याखाली गेलेला असतो. पहिली रात्र गावालाच काढायची असते. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला माझी विनंती आहे: मे महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. रीतसर परवानगी काढून दोन-तीन ब्रास रेती शाळेजवळ किंवा गावातल्या सर्वांत उंच जागी टाकून ठेवा, हजारभर चांगली पोती सावलीत झाकून ठेवा, ताडपत्र्या, फावडी, घमेली, धुम्मस यांची यादी एकाच्या नावावर करा, बुजवायच्या नळ्या दाखवून ठेवा आणि तरुणांना एक दुपार भिंत रचायला लावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. आणि गावकऱ्यांनो, पाणी गुडघ्याच्या वर जाईल असं कळलं की पोतं खाली ठेवा, म्हाताऱ्यांचा हात धरा, गुरांचे दोर सोडा आणि उंचावर चला.